डॉक्टरांची अस्वलं

डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्यात शिरायचे. घरचा माणूस ओट्यावर सतरंजी अंथरून 'या साहेब' म्हणत उभा असायचा आणि हे तिकडं बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत. खांदा जुवानं सोललेला निघाला, तर त्या घरी चहा नाही, पाणीसुद्धा नाही. मला मलम लावायला सांगायचे आणि मालकाला म्हणायचे, "तुमच्याकडलं पाणी कडू हाय." एकाला ते खरंच वाटलं. बोअरला कसं खारं पाणी लागलं ते तो सांगत बसला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि निघाले.

माणसं मोजायची त्यांची रीतच ती होती. सरपंच कसा आहे, तलाठी कसा आहे, काहीही विचारा, उत्तर एकच: "खांदा आलेला हाय" किंवा "खांदा साफ हाय." ज्याच्या घरी जनावरच नाही त्याच्याविषयी ते मत देत नसत. गावात नवीन मास्तर आले होते, त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्यांच्याकडं साधी शेळी न्हाई. मी कशावरून सांगू?"

मी त्यांच्या हाताखाली कंपाउंडर होतो. सरकारी कागदावर पदाचं नाव वेगळं आहे, पण गाव कंपाउंडरच म्हणतं. जनावरांचा दवाखाना जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका गावी. दोन खोल्या, जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, लशींचा फ्रिज, आणि मागच्या बाजूला डॉक्टरांची राहायची खोली. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. घर कुठलं म्हणाले. झरीचं म्हटलं. मग बैल किती, आणि खांदे कसे. मी खरं तेच सांगितलं, की एकाचा खांदा आला होता आणि वडिलांनी तो वर्षभर बसवून ठेवला, भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि स्वतःच्या हातानं चहा केला. आज मला त्या माणसाबद्दल कडूच लिहायचं आहे, पण त्या चहानं मला फार बरं वाटलं होतं हेही खोटं नाही.

ते मूळचे सेलूचे. घरची कापसाची आडत, भाऊ अजूनही गादीवर बसतात. लिंगायत घराणं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सकाळी ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसत, तेव्हा दारात गाय मरायला टेकली असली तरी उठत नसत. आणि पूजा झाली की त्याच गायीसाठी दिवसभर जेवत नसत. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या हाताला गुण होता. अडलेली म्हैस सोडवताना खांद्यापर्यंत हात आत घालून ते तिच्याशी जे बोलत, तसं माणसाशी बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. माणसांशी बोलणं म्हणजे त्यांना काम वाटायचं. "माणसाला तालुक्याचा दवाखाना हाय, जिल्ह्याचा हाय, कोर्ट हाय, पोलीस हाय," असं म्हणायचे. "जनावराला कोण हाय?" मला तेव्हा हे वाक्य फार मोठं वाटायचं. मी ते झरीला जाऊन वडिलांनाही ऐकवलं होतं.

त्यांची एक होडी होती. धरणावर मासे धरणाऱ्या एका भोयाकडून घेतलेली, सपाट बुडाची. तिचा निळा रंग त्यांनी खरवडून काढला होता आणि लाकूड उन्हापावसानं राखाडी होऊ दिलं होतं. रविवारी दुपारनंतर ते होडी घेऊन एकटेच फुगवट्यात जात आणि अंधार पडायच्या आत परत येत. गावाला वाटायचं, साहेबांना पाण्याचा नाद आहे. मलाही तसंच वाटायचं. कुठं जाता म्हणून एकदा विचारलं तर त्यांनी मला दवाखान्याच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. नाक खाजवायचं नाही, माशी हाकलायची नाही. असं दोन महिने, रोज दुपारी. गावातली लोकं बघून हसत. एक दिवस शेजारची कोंबडी येऊन माझ्या पायाला टेकून बसली, पंखात मान घातली आणि झोपली. डॉक्टर म्हणाले, "रविवारी ये. त्या दिवशी साबण लावू नको, तेल लावू नको. तंबाखू खाऊ नको." फोन त्यांनी माझ्याकडून घेतला आणि स्वतःच्या फोनशेजारी लशींच्या फ्रिजमध्ये ठेवला. तिथं तो वाजला तरी कुणाला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पलीकडच्या अंगाला डोंगराची एक सोंड पाण्यात उतरते. सीताफळाची झुडपं, बोरी, खडक, वारुळं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. डॉक्टरांनी चिमूटभर विभूती बोटांतून खाली सोडली, ती कुठं उडते ते पाहिलं, आणि त्या हिशोबानं होडी एका पाण्यात वाकलेल्या बाभळीच्या आडोशाला नेली. आम्ही बसलो. तासभर काहीच नव्हतं. मग दरडीमागून एक काळं ओझं हलत हलत खाली आलं. मला आधी वाटलं, कुणीतरी घोंगडी पांघरून येतंय. ते अस्वल होतं. पाठीवरच्या दाट केसांत दोन पिलं मुठी वळून बसलेली. खाली आल्यावर तिनं नखांनी वारूळ फोडलं, फू करून माती उडवली आणि तोंड लावून आतली वाळवी ओढायला लागली. तो आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत यायचा, पाण्याची मोटर हवा ओढायला लागते तसा. एक पिलू घसरून खाली पडलं, परत चढायला लागलं, तिनं न बघताच त्याला ढुंगणाला नाक लावून वर ढकललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान हलवली. ते तिला थोरली म्हणत.

तिथं आणखीही दोन-तीन होती. पण कागदावर नव्हती. त्या भागात अस्वल आहे अशी कुठं नोंदच नव्हती, आणि ती होऊ नये ही डॉक्टरांची खटपट होती. मेंढपाळ येऊन सांगत की काळं जनावर पाहिलं, तर हे त्यांना पटवून देत की रानडुक्कर असेल. एकदा त्या मास्तरांनी फार गळ घातली म्हणून त्यांना आम्ही होडीत नेलं होतं. थोरली दिसल्यावर मास्तर हळूच 'वा' म्हणाले. डॉक्टरांनी तिथूनच होडी फिरवली. उतरल्यावर त्यांना सांगितलं की ती काळी म्हैस होती, चुकार, आणि पुन्हा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मास्तर पुढं वर्षभर मला विचारत होते, खरंच म्हैस होती का. मी हाव म्हणायचो.

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात होती. तिथं एक अस्वल विहिरीत पडलं. लोकांनी त्याला वर निघायला शिडी सोडली, असं सांगितलं जातं. पण ते वर आल्यावर काठ्या घेऊन सगळं गाव उभं होतं. पोस्टमार्टेम डॉक्टरांनी केलं. "एक हाड धड नव्हतं," ते म्हणाले. "अन् पोटात काय? वाळवी अन् बोराच्या बिया. त्येच्यासाठी अख्खं गाव." सांगताना ते वल्ह्याच्या दांड्यावरचं एक कुसळ नखानं काढत होते. त्या दिवसापासून मी पुरता त्यांचा झालो.

तिसऱ्या उन्हाळ्यातली, वैशाखातली गोष्ट. ऊन कलतं झालं होतं, पण उजेड भरपूर होता. आम्ही बाभळीच्या आडोशाला. काठ साठ-सत्तर पावलांवर. थोरली एका ओघळीच्या तोंडाशी पाणी पीत होती. पिलं आता पाठीवर मावत नव्हती, ती मागं दरडीजवळ एकमेकांना लोळवत होती. तेवढ्यात वरच्या पायवाटेवर एक बाई आली. हिरवी साडी, हातात काठी. शेळी चुकली असणार, कारण तोंडानं ती शेळीला बोलवायचा आवाज काढत होती. वारा काठाकाठानं वाहत होता, त्यामुळं अस्वलाला तिचा वास लागला नाही, आणि दरडीमुळं तिला अस्वल दिसत नव्हतं. ती जरा वेळ थांबली आणि ओघळीनं खाली उतरू लागली. खाली आली की ती बरोबर आई आणि पिलांच्या मधे येणार होती. हे आम्हाला होडीतून दिसत होतं, आणि तिथं ते बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. डॉक्टरांचा तळहात माझ्या तोंडावर बसला. ते माझ्या कानात म्हणाले, "थांब. ती वळंल." बाई वळेल म्हणाले की थोरली वळेल म्हणाले, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वळलं कुणीच नाही. बाई दरडीच्या कडेनं पुढं आली, पिलं केकाटली, आणि थोरली पाण्यातून निघून मागच्या दोन पायांवर उभी राहिली. एक ओरड ऐकू आली. दुसरी आली नाही. मग हिरवी साडी खाली आणि ते काळं वर, एवढंच दिसत होतं. फार तर अर्धं मिनिट. थोरली बाजूला झाली, पिलांना पुढं घातलं आणि झुडपांतून वर गेली. बाई उठून बसली. दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मी वल्हं उचललं तर डॉक्टरांनी ते दुसऱ्या टोकाला धरून ठेवलं. माझ्या पायाशी पेटी होती. कापूस, पट्टी, जंतुनाशक, सगळं होतं. डॉक्टर ती पेटी घेतल्याशिवाय कुठं जात नसत. वर पायवाटेवर दोन-तीन बाया ओरड ऐकून पळत आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि एकदम गलका केला. डॉक्टर म्हणाले, "बाया आल्या. त्या नेतील तिला." आणि बाभळीच्या मागच्या अंगानं होडी काढली. परतताना त्यांनी मला समजावलं. बाई जगेल, हे त्यांनी होडीतून पाहिलं होतं. पण अस्वल म्हणून बोभाटा झाला तर उद्या ट्रॅक्टर भरभरून माणसं येतील, आणि पिलांना अजून स्वतःचं पोट भरता येत नाही. त्यांचं हे म्हणणं खोटं नव्हतं. मी अजूनही ते खोटं पाडू शकत नाही, म्हणूनच त्याचा मला जास्त राग येतो.

बाईचं नाव सुभद्रा. शेजारच्या वस्तीवरची, मारोतीची बायको. त्यांची एक गाय डॉक्टरांनीच वाचवली होती. सुभद्राला परभणीच्या दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला. गाल आणि ओठ शिवून काढले. आलेल्या बायांनी जनावर पाहिलं नव्हतं, त्या आल्या तेव्हा थोरली झुडपांत गेली होती.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचा एक नवाच पोरगेला माणूस मोटरसायकलवर आला. बाई अस्वल म्हणते, पण इकडं अस्वल कधी ऐकलं नाही, तेव्हा साहेबांनी जागा बघून सांगावं, अशी त्याची विनंती होती. साहेबांच्या शब्दाला त्या भागात किंमतच तेवढी होती. त्यानं हेही विचारलं, की तुम्ही पाण्यात असता, काही दिसलं का. डॉक्टर म्हणाले की काल आम्ही अलीकडच्या काठालाच होतो. मग आम्ही तिघं तिकडं गेलो. ओघळीच्या तोंडाशी पाण्यापर्यंत खडक, त्यावर पाऊल उमटत नाही, आणि वरची जागा बायांनी आणि शेळ्यांनी तुडवलेली. गाळाच्या कडेला कुत्र्यांची पावलं होती. ती कुठल्याही काठाला असतात. डॉक्टरांनी खाली बसून ती काडीनं दाखवली. कागदावर लिहून दिलं की मोकाट कुत्र्यांचा हल्ला दिसतो. खाली सही केली, पेनचं टोपण तसंच उघडं ठेवलं आणि पेन माझ्यापुढं केलं. मीही सही केली. माझा हात कुणी धरला नव्हता.

आता गावातल्या माणसाला कुत्र्याचं चावणं कळत नाही का? कुत्रं पिंडरी धरतं, हात धरतं. तोंड असं वरून खाली फाडत नाही. म्हणजे डॉक्टरांचं कुत्र्याचं म्हणणं कुणाला पटलं नाही. पण डॉक्टर खोटं बोलतील हेही कुणाला पटणार नव्हतं. मग लोकांनी त्याचा मेळ असा घातला, की साहेब भला माणूस, कुणालातरी झाकायलाय. दोन दिवस आधी सुभद्राचं आणि मारोतीचं भांडण झालं होतं, माहेरच्या लग्नाला जायचं की नाही यावरून, ओट्यावर, सगळ्यांदेखत. मारोतीच्या हातात तेव्हा विळा होता. गवत कापून आला होता, म्हणून होता. तेवढं पुरलं.

पोलिसांनी त्याला बोलावून दिवसभर बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. चारठाण्याहून सुभद्राचे दोघे भाऊ जीप करून आले. त्यांनी बसवून ठेवलं नाही. मांडीचं हाड मोडलं, ते पुढं नीट जुळलं नाही. सुभद्रा दवाखान्यातून परत आली आणि शिवलेल्या तोंडानं ज्याला त्याला सांगत सुटली, की अस्वल होतं, खरंच अस्वल होतं. बाया ऐकून घ्यायच्या आणि मागं म्हणायच्या, शहाणी हाय, नवऱ्याला वाचवायलीय. वनखात्याकडं भरपाईसाठी केलेला तिचा अर्ज तर आमच्या त्या कागदामुळं परत आलाच होता. पण ती जिवंत असून तिच्या तोंडचं खरं कुणाला खरं वाटत नव्हतं, हे मला अर्जापेक्षा वाईट वाटायचं.

मारोतीच्या मांडीचं मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते एका वासराच्या पायाला कामट्या बांधत होते. म्हणाले, हाड जुळतं. मग म्हणाले की पावसाळा जाऊ दे, पिलं सुटी होऊ दे, मग आपण बोलू. पावसाळा गेला. दिवाळीनंतर मी परत विषय काढला. ते म्हणाले, आता बोलून तिचा डोळा येणार आहे का? माझ्या बदलीचा अर्ज त्याच वेळी त्यांच्या टेबलावर होता. झरीजवळ जागा रिकामी होणार होती, आई आजारी होती, आणि त्यांच्या शिफारशीला वजन होतं. त्यांनी तो अर्ज मला कधी दाखवून धमकावलं नाही, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी आपण होऊनच गप्प बसलो.

एक सकाळ मात्र माझ्या मनातून जात नाही. सुभद्रा शेळी घेऊन दवाखान्यात आली. पदर उजवीकडून पुढं ओढून दातांत धरलेला. शेळीच्या कासेला गळू झालं होतं. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसले, शेळीचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिच्याशी बोलत बोलत गळू फोडलं, धुतलं, परत धुतलं. एवढ्याला तास लागत नाही, त्यांनी तास लावला. "झालं माय, झालं. दुखतंय, मला ठावं हाय," असं ते शेळीला म्हणत होते. सुभद्रा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्या तासाभरात त्यांनी एकदाही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. जाताना ती त्यांच्या पाया पडली. मी कापसाचे बोळे उचलायला लागलो, तेच दोनदा उचलले.

माझी बदली झाली. पुढं डॉक्टर निवृत्त होऊन सेलूला गेले. होडी त्यांनी भोयाला परत दिली म्हणे. मागच्या वर्षी मी त्या बाजूला एका लसीकरणाच्या कामाला गेलो, तर डोंगराची ती सोंड अर्धी राहिली होती. तिथं खडी केंद्र झालं आहे. सुरुंग लावतात, दिवसभर डंपर चालतात, सीताफळाच्या झाडांवर पांढरी धूळ बसलेली. मी धरणावर माशांसाठी येणाऱ्यांना विचारलं. अस्वल? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी म्हटलं जाऊ द्या.

त्यानंतर मी सेलूला गेलो. आडतीच्या वर, भावाच्या घरात एका खोलीत ते असतात. एक अंग लुळं पडलं आहे, बोलणं मात्र साफ आहे. मला पाहून त्यांना आनंद झाला. माझी आई गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. पहिला प्रश्न: "थोरली दिसली का?"

मी खडी केंद्राचं सांगितलं. मुद्दाम सगळं सांगितलं. सुरुंग कुठं लावतात, ओघळ कशी बुजली, दरड कशी फोडली. सांगताना मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही. ते ऐकत राहिले आणि मग रडायला लागले. चांगला हात डोळ्यांवर ठेवून, खांदे हलत होते. या माणसाला रडताना बघायची मला कितीतरी वर्षं इच्छा होती. ते रडले, पण ते रडणं मला हवं होतं तसं त्या बाईसाठी नव्हतं.

त्यांचं रडणं थांबल्यावर मी म्हटलं, साहेब, आता तिथं काही राहिलं नाही. आता तरी लिहून द्या, की ते अस्वल होतं. मीही देतो.

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "आता तर मुळीच न्हाई," ते म्हणाले. "डोंगर फोडल्यावर ती कुठंतरी गेली असंल ना. नाव निघालं की हुडकायला लागतील."

मी उठलो. त्यांनी चहाला थांब म्हटलं. मी थांबलो नाही. जिन्यात त्यांचा भाऊ भेटला, म्हणाला, तुमची लय आठवण काढतात, येत जा.

मग मात्र मी सरळ सुभद्राच्या वस्तीवर गेलो. जायला उशीर झाला होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मारोती अंगणात कडब्याच्या पेंढ्या बांधत होता, मोडकी मांडी बाजूला पसरून. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. होडी, बाभळ, साठ-सत्तर पावलं, माझ्या तोंडावरचा हात, कागदावरची सही. लिहून द्यायला तयार आहे म्हटलं, चारठाण्याला जाऊन तिच्या भावांनाही सांगतो म्हटलं. तो ऐकताना पेंढ्या बांधतच होता. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"त्यांला सांगून मपली मांडी सरळ व्हती का?" तो म्हणाला. पेंढीची गाठ आवळून म्हणाला, "लिहायचं तर लिहा. तुमाला बरं वाटंल."

सुभद्रा दारात येऊन उभी होती. तोंडावर पदर नव्हता, घरात ती घेत नसावी. तो चेहरा मी पहिल्यांदाच सगळा पाहिला. तिनं सांगितलं, की होडी तिला तेव्हाच दिसली होती. दोन माणसंही दिसली होती. हे तिनं एकट्या मारोतीला सांगितलं होतं. अस्वलच कुणी ऐकून घेत नाही, तिथं डॉक्टरांचं नाव कुणापुढं घ्यायचं, म्हणून दोघं गप्प राहिले. मला वाटलं, आता ती विचारील, ओरडलाव कामून न्हाई. त्याचं उत्तर मी वाटभर जुळवत आलो होतो. तिनं ते विचारलं नाही.

"त्या ओघळीनं मी एकटी कधी उतरत नव्हते," ती म्हणाली. "भ्याव वाटायचं. त्या दिवशी पाण्यात होडी दिसली. म्हटलं, माणसं हायेत, आता कशाचं भ्याव. म्हणून तर उतरले."